उतार पडला, म्हणजे निदान झाले?

मीरा-भाईंदरच्या पश्चिमेकडचा तारोडी, डोंगरी, उत्तन हा पट्टा मासळीवर पोसलेला. अशा गावात बांगडा खाऊन अर्ध्या तासात कुणाचा चेहरा लालबुंद झाला, डोके ठणकू लागले, अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या, की आधी आमसुलाचे पाणी आणि मग मेडिकलमधली ॲव्हिल किंवा सेट्रिझिन, हा ठरलेला क्रम. काही तासांत उतार पडतो आणि ‘याला मासे सोसत नाहीत’ असा निकाल लागतो. माझा आक्षेप गोळीला नाही, त्या निकालाला आहे.

हे सारे घडवणारे हिस्टामिन नावाचे रसायन शरीरात दोन वाटांनी येऊ शकते. खऱ्या ॲलर्जीत माशातल्या पार्वाल्ब्युमिन या प्रथिनाविरुद्धची आयजीई प्रतिपिंडे मास्ट पेशींवर आधीच बसलेली असतात. ते प्रथिन त्यांना भिडले की पेशी आपला हिस्टामिनचा साठा ओकतात. दुसऱ्या वाटेत हिस्टामिन ताटातूनच येते. बांगडा, सुरमई, कुपा यांच्या मांसात हिस्टिडिन भरपूर असते. मासा मेल्यावर उन्हात, बर्फाविना राहिला तर जिवाणू त्याचे हिस्टामिन करतात. नंतर बर्फात घाला, कडकडीत तळा, एकदा तयार झालेले हिस्टामिन जात नाही. म्हणूनच कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेने त्याला किलोमागे 200 मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. इथे दोष खाणाऱ्याच्या देहाचा नाही, बर्फाविना गेलेल्या तासांचा आहे.

गोळीला मात्र हा फरक कळत नाही. डेल आणि लेडलॉ यांनी 1910 मध्ये हिस्टामिनचे शरीरावरचे परिणाम मांडले. 1937 मध्ये बोव्हे आणि स्टाउब यांनी त्याला आवरणारे पहिले रसायन दाखवले आणि बोव्हेंना 1957 चे नोबेल मिळाले. तेव्हापासूनची ही औषधे हिस्टामिन नष्ट करत नाहीत. पेशीवरचा, हिस्टामिन टिपणारा एच-1 ग्राहक कधी जागा, कधी निजलेला असतो. औषध त्याला निजलेल्या अवस्थेत धरून ठेवते. हिस्टामिन मास्ट पेशीतून आले की बांगड्यातून, ग्राहक तोच, म्हणून आरामही तोच. याच जातीच्या गोळ्या सर्दीतही घेतल्या जातात, पण सर्दीचा घोळ आणखी वेगळा. तिथे जुन्या गोळ्या नाक सुकवतात ते मुख्यतः ॲसिटिलकोलिनला अडवून, आणि मेंदूत शिरत असल्यामुळे झोपही आणतात. अशाच जुन्या गोळ्यांतले क्लोरफेनिरामिन व नाक मोकळे करणारे फिनाइलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा छापायला औषध नियंत्रकांनी 2023 च्या डिसेंबरात सांगितले ते उगाच नव्हे.

कुणी म्हणेल, गोळी स्वस्त, गुण येतो, मग कारणाची चौकशी कशाला? हिस्टामिन साचलेल्या माशासाठी गोळी योग्यच आहे. नुकसान होते ते पुढे: किनाऱ्यावरचा माणूस विनाकारण आयुष्यभर मासळी सोडतो आणि बर्फाचा प्रश्न कुणी विचारतच नाही. यावर दुसरा आक्षेप जड आहे: चुकायचेच तर सावधपणाच्या बाजूने चुकावे. मान्य. घसा आवळला, धाप लागली, भोवळ आली, तर ॲड्रिनालिनचे इंजेक्शन मांडीत, तेही ताबडतोब. गोळीला असर दाखवायला वेळ लागतो आणि कोसळलेला रक्तदाब ती उचलत नाही. पण सावधपणा तपासणीपर्यंतचा हवा, जन्माचा नको. एकाच पातेल्यातले खाऊन तिघांना त्रास झाला का, तोच मासा आधी अनेकदा पचला होता का, जिभेला तिखट चुणचुण लागली होती का, हे प्रश्न फुकटचे आहेत. एकट्यालाच त्रास झाला म्हणून मासा निर्दोष ठरत नाही, कारण हिस्टामिन सगळ्या तुकड्यांत सारखे नसते. शंका उरली तर त्वचेवर टोचून करायची चाचणी आहे. फक्त त्याआधी डॉक्टरांच्या सल्ल्याने काही दिवस ही गोळी थांबवावी लागते, नाहीतर खरी ॲलर्जी असूनही गांध उठत नाही.