टप आधी, इंजिन मागाहून!

बीएमडब्ल्यू झेड-४चा कापडी टप १० सेकंदांत उघडतो किंवा बंद होतो, आणि तेही गाडी ताशी ५० किलोमीटरने पळत असताना. मर्सिडीज-एएमजी एसएलला १५ सेकंद लागतात, वेग ६०पर्यंत चालतो. मिनी कूपर कन्व्हर्टिबल १८ सेकंद घेते, पण तिला वेग ३०च्या आत लागतो. मर्सिडीज सीएलई कॅब्रिओलेला २० सेकंद पुरतात, वेग पुन्हा ६०पर्यंत. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात उघड्या टपाची गाडी घ्यायची असेल, तर हॉर्सपॉवरच्या आधी हे आकडे वाचा. जूनमध्ये बारवीच्या बाजूने सर येते ती सांगून येत नाही, आणि भिजलेल्या सीटवर बसून कोणी इंजिनाचं कौतुक करत नाही.

माझं ठाम मत आहे: आपल्याकडे टप आधी ठरवायचा, इंजिन मागाहून. ते का, हे सांगणाऱ्या या काही गमतीच्या गोष्टी.

थारचा हात-टप

आपल्या खिशाच्या जवळची उघडी गाडी म्हणजे महिंद्राची थार. ती नाशिकच्या कारखान्यात बनते, म्हणजे अस्सल महाराष्ट्राची. पहिली थार २०१० साली आली ती कंपनीकडून कापडी टप घेऊनच. दुसरी पिढी १५ ऑगस्ट २०२०ला लोकांसमोर आली आणि विक्रीला खुली झाली २ ऑक्टोबरला. ही तारीख महिंद्रांच्या घरची आहे. कंपनीची स्थापना २ ऑक्टोबर १९४५ची, तेव्हा नाव होतं महिंद्रा अँड मोहम्मद. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८मध्ये इथली कंपनी महिंद्रा अँड महिंद्रा झाली. या नव्या पिढीची पहिली थार लिलावात १ कोटी ११ लाखांना गेली. ते पैसे करोनाच्या मदतकार्याला दिले गेले.

२०२०च्या थारला तीन तऱ्हेचे टप होते: कडक टप, न उघडणारा कापडी टप आणि उघडणारा कापडी टप. उघडणाऱ्या टपाला मोटर नाही. गाडी बाजूला घ्यायची, पुढच्या काचेवरचे खटके सोडवायचे आणि टप हाताने मागे न्यायचा. सरी ऐन भरात असताना हे काम रस्त्याच्या कडेला करायचं म्हणजे दोन माणसं हवीतच. व्हेरियंट सतत बदलतात, म्हणून शोरूममध्ये पाय ठेवल्या ठेवल्या पहिला प्रश्न हाच विचारा की उघडणारा टप सध्या मिळतो का. जुनी घेत असाल तर आरसी पुस्तकावरचं मॉडेल आणि डोळ्यांसमोरचा टप जुळतो का, ते पाहा.

जीप, गोवा आणि ६० हॉर्सपॉवर

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचं इंजिन २.२ लिटरचं, ताकद ६० हॉर्सपॉवर. तिला कापडी टप होता आणि पुढची काच बॉनेटवर आडवी पाडता यायची. त्याच युद्धकाळात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिचं उल्हासनगर झालं. रिक्षावाला आजही ‘कॅम्प तीन की कॅम्प पाच?’ असं विचारतो, ते त्या छावणीमुळेच.

आता पन्नास वर्षं पुढे या. नव्वदच्या दशकाच्या शेवटी गोव्यात सॅन मोटर्सने सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटांची उघडी गाडी बनवली. अंगावर फायबरग्लास, पोटात रेनॉचं ११४९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि ताकद पुन्हा ६० हॉर्सपॉवर! जीपच्या निम्म्या इंजिनात जीपएवढीच ताकद. आजच्या थारचं २ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन १५० देतं. समुद्रकिनाऱ्याच्या राज्यात, भारतात बनलेली छोटी, नीटस रोडस्टर रस्त्यावर आली होती याचा मला अजून अभिमान वाटतो. कुठे एखादी जपून ठेवलेली दिसली तर थांबून बघा.

इंजिनामुळे गाडीचा चेहरा बदलतो याचा पुरावाही जीपमध्येच आहे. १९५३च्या सीजे-३बी मॉडेलला विलीजने ‘हरिकेन’ इंजिन बसवलं. त्याचे काही व्हॉल्व्ह वरच्या बाजूला असल्याने ते उंच झालं आणि बॉनेटमध्ये मावेना, म्हणून बॉनेटच उंच केलं. अमेरिकेत हे मॉडेल १९६८मध्ये बंद झालं, पण महिंद्रांनी पुढे कित्येक वर्षं बनवलं. जुन्या सिनेमातल्या फौजदाराची उंच कपाळाची जीप आठवा, ती हीच.

कापड कापडवाल्यानेच पारखावं

चांगल्या कन्व्हर्टिबलचा टप तीन थरांचा असतो. वर ॲक्रिलिक धाग्याचं विणलेलं कापड, मध्ये रबराचा थर, आत पॉलिएस्टर किंवा सुती अस्तर. पाणी अडवण्याचं काम मधल्या रबराचं, वरचं कापड ऊन झेलतं. उल्हासनगरच्या गजानन मार्केटात ज्यांचं आयुष्य कापडात गेलं, कॅम्प पाचच्या जीन्सच्या कारखान्यांत ज्यांनी शिवणी तपासल्या, अशी माणसं या शहरात घरोघरी आहेत. टप पाहायला जाताना त्यांच्यापैकी एकाला सोबत न्याच. शिवण कुठे ओढली गेली आहे, घडीवर कापड कुठे विरलं आहे, हे त्यांच्या बोटांना आधी कळतं. थारसारख्या गाड्यांच्या टपाला मागे प्लास्टिकची पारदर्शक खिडकी असते. कोरड्या फडक्याने धूळ पुसली की तिच्यावर ओरखडे पडतात आणि ती धुरकट होते. पाणी मारून मगच पुसायची.

मग धातूचा मिटणारा टप बरा नाही का? बीएमडब्ल्यूने तो करून पाहिला. आधीच्या झेड-४ला धातूचा टप होता. त्या गाडीची डिकी टप बंद असताना ३१० लिटरची असायची, टप मिटून आत गेला की १८० लिटरच उरायची. २०१८मध्ये आलेल्या नव्या झेड-४ला कंपनीने पुन्हा कापडी टप दिला, आणि आता टप उघडा असो की बंद, डिकी २८१ लिटरच राहते. कापडी टप असूनही मिनीची डिकी मात्र २१५ची १६० होते. लोणावळ्याला दोघं जाणार असाल तर ठीक. बदलापूरहून गावी निघताना आईने दिलेली पिशवी, तांदळाचं पोतं आणि दोन बॅगा असतील, तर टप बंद ठेवूनच निघावं लागेल.

धातूच्या मिटणाऱ्या टपाची कल्पना कोणाची, हे ऐकण्यासारखं आहे. जॉर्ज पोलँ हे पॅरिसचे दातांचे डॉक्टर. त्यांना गाड्यांचे आराखडे काढायचा नाद होता. त्यांनी विजेवर मिटणाऱ्या कडक टपाचं पेटंट घेतलं आणि १९३४मध्ये प्यूजो ४०१ एक्लिप्सवर तो टप आला. महायुद्धात ते फ्रान्सच्या प्रतिकार चळवळीत काम करत होते. नाझींनी त्यांना पकडलं आणि १९४२मध्ये गोळ्या घातल्या. आज बटण दाबल्यावर जो टप डौलाने मागे जातो, त्याच्यामागे हा माणूस आहे.

कानाने निवडायचं इंजिन

बंद गाडीत इंजिनाचा आवाज पत्रा आणि अस्तर अडवतात. टप उघडला की तो थेट कानात. म्हणून उघड्या गाडीत मी पेट्रोलच्या बाजूने आहे. डिझेलची खडखड अर्ध्या तासात डोकं उठवते.

थारचे आकडे तर डिझेलवाल्यांनाही चकित करतील. डिझेल इंजिन २.२ लिटरचं, १३० हॉर्सपॉवर, टॉर्क ३०० न्यूटनमीटर, तो मिळतो १६०० आरपीएमपासून. पेट्रोल मॅन्युअलचा टॉर्कही ३००च, पण तो १२५०पासूनच सुरू होतो! पेट्रोल ऑटोमॅटिकला ३२०. ‘घाटात डिझेलच ओढतं’ हे वाक्य टर्बो येण्याआधीच्या काळातलं आहे. मुरबाडवरून माळशेज चढताना किंवा कर्जत-खोपोलीकडून बोरघाटात शिरताना पेट्रोल थार कुठेही कमी पडत नाही.

दुसरं कारण आपल्या वाहतुकीत आहे. बीएस-६ डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. साठलेली काजळी जाळायला धूर चांगला तापावा लागतो, आणि त्यासाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग पळावी लागते. विठ्ठलवाडी ते अंबरनाथ रोज पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जाणाऱ्याचा फिल्टर तुंबणार आणि दिवा लागणार. रोज पुणं गाठत असाल तर डिझेल घ्या. चौकाचौकांत थांबत जाणार असाल तर नको.

तिसरं कारण कराचं. आपल्या राज्यात गाडीची किंमत १० लाखांपर्यंत असेल तर पेट्रोलला ११ टक्के रस्ता कर, १० ते २० लाखांत १२, त्यापुढे १३. डिझेलला याच टप्प्यांवर १३, १४ आणि १५. १२ लाखांच्या गाडीवर हिशेब करा: पेट्रोलचा कर १ लाख ४४ हजार, डिझेलचा १ लाख ६८ हजार. म्हणजे २४ हजार फक्त इंधनाच्या निवडीपायी. आणि अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीतल्या कारखानदारांनी लक्ष द्या: गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर कर २० टक्के.

जीएसटीची रेघ तर आणखी गमतीची आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून चार मीटरच्या आतल्या गाडीला १८ टक्के, पण पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल १५०० सीसीपर्यंतच. त्यापुढे सरळ ४० टक्के. तीन दारांची थार ३९८५ मिलिमीटर, म्हणजे लांबीत जेमतेम पास. तिचं दीड लिटरचं डिझेल १८ टक्क्यांत बसतं, २ लिटरचं पेट्रोल आणि २.२ लिटरचं डिझेल ४० टक्क्यांत जातात. पण २०२३मध्ये ते दीड लिटरचं इंजिन आलं ते कडक टपाच्या गाडीत! टप उघडा हवा असेल तर कराची सवलत सोडावी लागते. सॅन स्टॉर्म आज असती तर ११४९ सीसीमुळे १८ टक्क्यांत बसली असती, हे मनात येतंच.

कुठल्या सोयींना पैसे द्यावेत

मर्सिडीजची एअरस्कार्फ नावाची सोय आहे. सीटच्या डोक्याजवळच्या जाळीतून मानेवर गरम हवा येते. जर्मनीच्या थंडीत स्वर्ग, मे महिन्यात चाळिशी ओलांडणाऱ्या बदलापुरात पैसे वाया. त्याऐवजी थंड हवा सोडणाऱ्या सीटा मिळत असतील तर त्या घ्या. सीटांमागे लावायची वारा अडवणारी जाळी जरूर घ्या. उघड्या गाडीत वारा काचेवरून जाऊन मागून उलटा फिरतो आणि मानेवर आदळतो, तो ती जाळी रोखते. काळं लेदर टाळा.

थारच्या आतल्या सोयी पाहून तर वाटतं, कोणीतरी आपला पाऊस अनुभवूनच गाडी बनवली आहे. फरशीला पाणी सोडायची बुचं आहेत, आत पाइप मारून धुता येतं. २०२०च्या गाडीत स्क्रीन आणि छपराच्या सळ्यांवरचे स्पीकर तुषार सोसतील असे दिले. पाण्यातून जायची क्षमता ६५० मिलिमीटर, जमिनीपासून उंची २२६. रेंज रोव्हरची इव्होक कन्व्हर्टिबल २०१८मध्ये भारतात आली, तिची क्षमता ५०० मिलिमीटर. पण हे आकडे साचलेल्या, स्थिर पाण्याचे आहेत. २७ जुलै २०१९ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली होती आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं. उल्हास नदी रस्त्यावर आली की गाडी उंच जागी लावायची आणि पाणी उतरेपर्यंत थांबायचं.

छप्पर काढलं की बंद मोटारीचा सांगाडा सैल होतो, म्हणून दाराखालचे पट्टे जाड करतात आणि गाडीचं वजन वाढतं. खड्ड्यात पुढची काच आणि आरसा थरथरतो तो यामुळे. थार आणि जिप्सी यांचा भार खालच्या शिडीसारख्या चासीवर असतो, त्यामुळे टप कापडी असला तरी फारसा फरक पडत नाही. टेस्ट ड्राइव्ह गुळगुळीत हायवेवर घेऊच नका. काँक्रीटचे सांधे आणि पेव्हर ब्लॉक असलेला रस्ता सेल्समनला सांगा आणि आरशाकडे बघत राहा.

कटरला हात लावू नका

साध्या गाडीचं छप्पर कापून ‘कन्व्हर्टिबल’ करून देणारे भेटतील. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ने ते बंद आहे, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीने दिलेल्या रचनेत असा बदल चालणार नाही हे स्पष्ट केलं. दर बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. एमएच-०५च्या नोंदणीसाठी कल्याणच्या आरटीओत गाडी उभी राहील तेव्हा हे कोणी नजरेआड करणार नाही. वर सांगाडाच कापल्यामुळे अपघातात ती गाडी कोणाला वाचवणारही नाही.

शेवटचं, जुनी घेणाऱ्यांसाठी. गाडी पावसाळ्यातच पाहा. चटया उचलून खालचं अस्तर हाताने दाबा, ओलसर लागलं किंवा कुबट वास आला तर परत फिरा. टपाच्या कडेने पाणी खाली नेणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्यांत पानं आणि माती अडकली की पाणी सीटखाली उतरतं आणि तिथल्या वायरी गंजतात. गुलमोहराखाली गाडी लावत असाल तर त्या नळ्या मेअखेरीस मेकॅनिककडून फुंकून घ्या. काम अर्ध्या तासाचं आहे, आणि ते टाळलं तर वायरिंगचा खर्च हजारांत जातो.