प्रकाशाचे वीजबिल

‘भारतनेट’चे यश आपण अंथरलेल्या तंतूच्या किलोमीटरमध्ये मोजतो, मला त्यात विजेचाही हिशेब हवा आहे. २०११ मध्ये मंजूर झालेल्या या योजनेपुढे सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडण्याचे उद्दिष्ट होते. तिच्या पहिल्या टप्प्यातील ‘जीपॉन’ रचनेत वाटेवरच्या प्रकाश-विभाजकाला वीज लागतच नाही. ती लागते दोन्ही टोकांना, प्रकाश आणि विद्युत्-संकेत यांचे परस्पर रूपांतर करताना. पंचायतीतील वीज गेली आणि बॅटरी उतरली, की धडधाकट तंतूही निरुपयोगी ठरतो. म्हणून निविदांमध्ये वेगाइतकेच महत्त्व ऊर्जाबचतीला मिळायला हवे. २०२१ च्या सेमीकंडक्टर कार्यक्रमात केंद्राने सिलिकॉन फोटॉनिक्सला स्थान दिले. त्या गुंतवणुकीची खरी कसोटी, माझ्या मते, भारनियमनातही सुरू राहणाऱ्या गावातील जोडणीवरच लागेल.