अनुदानाची यादी

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक फलक असतो. त्यावर कधी कधी नावांची लांबलचक यादी लावलेली दिसते. येणारेजाणारे थांबतात, आपले नाव शोधतात आणि पुढे जातात. ही साधी यादी फार मोलाची असते. ती का, ते आपण पाहू.

शेती हा बेभरवशाचा व्यवसाय आहे. पाऊस कमी पडला तर पीक वाळते, जास्त पडला तर कुजते. बियाणे, खते, अवजारे यांचा खर्च मात्र आधीच करावा लागतो. म्हणून सरकार या खर्चाचा काही भार उचलते. या मदतीला अनुदान म्हणतात. केंद्र सरकारच्या योजनेत ठिबक सिंचनाचा संच बसवण्यासाठी लहान शेतकऱ्याला ठरलेल्या खर्चाच्या ५५ टक्के, तर इतरांना ४५ टक्के अनुदान मिळते. काही योजनांत रोख मदत मिळते. पंतप्रधान किसान सन्मान निधी ही योजना २०१९ साली सुरू झाली. तीत पात्र शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत देण्याची तरतूद आहे. ही रक्कम थेट बँकेच्या खात्यात जमा होते.

'अनुदान' या शब्दात 'दान' असले, तरी हे कोणाचे दान नव्हे. हा पैसा सरकारी तिजोरीतून येतो. आपण दुकानातून साबण घेतो, तेव्हाही त्या तिजोरीत थोडा कर भरतो. म्हणून या पैशाचा हिशेब विचारणे हा सर्वांचा हक्क आहे.

२००५ साली माहितीचा अधिकार कायदा झाला. अनुदानाची योजना कशी राबवली, तिच्यासाठी किती रक्कम ठेवली आणि लाभ कोणाला मिळाला, हे सरकारी कार्यालयांनी आपणहून जाहीर करावे, असे या कायद्याचे चौथे कलम सांगते. जाहीर न झालेली माहिती नागरिक अर्ज करून मागू शकतो. साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते.

अशाच एका अर्जाच्या उत्तरातून २०२१ च्या जानेवारीत एक गोष्ट उघड झाली. किसान सन्मान निधीचे सुमारे १,३६४ कोटी रुपये वीस लाखांहून अधिक अपात्र लोकांना मिळाले होते. त्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक आयकर भरणारे होते. आयकर भरणाऱ्यांना तर या योजनेचा लाभ घेताच येत नाही!

यादीचा दुसराही उपयोग आहे. एखाद्या गरीब शेतकऱ्याचे नाव चुकून राहून गेले, तर ते यादी पाहिल्यावरच कळते. मग त्याला दाद मागता येते. यादी बंद दप्तरात राहिली, तर त्याला आपला हक्क गेल्याचे कळणारही नाही.

मात्र सगळेच उघड करायचे नसते. लाभार्थ्याचे नाव व रक्कम जाहीर करणे वेगळे आणि त्याचा आधार क्रमांक किंवा बँक खात्याचा क्रमांक भिंतीवर लावणे वेगळे. तसे केल्यास त्याची फसवणूक होऊ शकते.

मुलांनो, हक्क, अर्ज, रक्कम, हिशेब हे शब्द तुमच्या ओळखीचेच आहेत. महाराष्ट्रातल्या गावांत अशी यादी बहुधा मराठीत असते. शेजारच्या एखाद्या चाचांना ती वाचता येत नसेल, तर तुम्ही वाचून दाखवा. कदाचित त्यांचे राहिलेले नाव तुमच्यामुळेच यादीत येईल.