काचेच्या टाकीतील शेजारधर्म

काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात माशांची टाकी आली. मुलांनी खाऊच्या पैशांतून वर्गणी काढली होती. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच अशी ती काचेची टाकी फळ्याशेजारच्या टेबलावर बसली. मासे निवडण्याचे काम मी माझ्याकडे घेतले आणि दुकानात जाऊन, खरे सांगायचे तर, रंग निवडले : दोन गोल्डफिश, हाताच्या पंजाएवढे दोन रुपेरी एंजल, निळ्या-तांबड्या पट्ट्यांचे आठ निऑन टेट्रा, चार टायगर बार्ब आणि काचेवरचे शेवाळ खाईल म्हणून एक सकर. दुसऱ्या दिवसापासून मुलांच्या हजेरीबरोबर माशांचीही हजेरी होऊ लागली.

आठवडाभरात निऑन आठाचे पाच झाले. मेलेला मासा मात्र एकही सापडेना. टाकीची देखभाल ज्या मुलाकडे होती, त्याच्यावर वर्गाचा संशय गेला. आणि सांगावयास संकोच वाटतो, माझाही गेला. मी त्याला बाजूला बोलावून विचारले. तो खाली मान घालून उभा राहिला, एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी शाळा भरण्यापूर्वी मी वर्गात गेलो, तो एका एंजलच्या तोंडातून निऑनचे शेपूट बाहेर आलेले! त्या मुलाची मी सर्व वर्गासमक्ष क्षमा मागितली. एका टाकीत कोणते मासे एकत्र नांदतात, याचा अभ्यास मी केला तो त्यानंतर. आधी करावयास हवा होता.

एंजलचा त्यात दोष नव्हता. एंजल आणि निऑन दोघेही ॲमेझॉनच्या खोऱ्यातले, दोघांनाही मऊ आणि किंचित आम्ल पाणी मानवणारे. म्हणून त्यांची नावे पुष्कळदा शेजारी शेजारी वाचावयास मिळतात. परंतु निऑन दीड इंचावर थांबतो आणि एंजल पाच-सहा इंचांपर्यंत वाढतो. जे तोंडात मावते ते खाद्य, हा माशांचा साधा हिशेब आहे. दुकानातले मासे बहुधा पिल्ले असतात, हे आपण विसरतो. बोटाएवढा गोजिरवाणा ऑस्कर वर्षभरात फूटभर होऊ शकतो. सकरही पुढे फूटभराहून मोठा होतो. तेव्हा मासा आज केवढा आहे हे विचारू नये. पूर्ण वाढल्यावर केवढा होईल, हे विचारावे.

आकारानंतर स्वभाव. सुमात्रा-बोर्निओकडचा टायगर बार्ब हा कळपाचा मासा आहे. आठ-दहा एकत्र असले की त्यांची भांडणे आपसांतच जिरतात. तीन-चारच ठेवले तर ते शेजाऱ्यांचे पर कुरतडू लागतात. माझे चार होते! थायलंडकडचा फायटर याच्या उलट. दोन नर एकत्र ठेवले तर एकमेकांना फाडतात, पण बार्बांच्या टोळीपुढे त्याचे लांब पर हेच त्याचे मरण ठरते. भांडखोर म्हणून प्रसिद्ध असलेला मासा असा शेजाऱ्यांकडून मार खातो, हे मला मोठे नवल वाटले.

माझे बालपण वसईत गेले. तिकडे वाडीला पाणी देण्यासाठी बावखल असते, म्हणजे गोड्या पाण्याचे खोदलेले तळे. त्यात कोणी मासे निवडून सोडीत नसे. तिथे मरळ लहान माशांना खाई आणि तरीही लहान मासे उरत. कारण काठाचे गवत होते, खोल पाणी होते, पळावयास जागा होती. काचेच्या टाकीत हरलेल्या माशाला जावयास जागाच नसते. म्हणून त्याचे शेजारी आपल्याला निवडावे लागतात.

परंतु भांडणाहून अधिक मासे मरतात ते पाण्याने. आमच्या टाकीतला पहिला गोल्डफिश कोणाशीही न भांडता मेला. तो मूळचा चीनमधल्या कार्प जातीचा, थंड पाण्यात सुखी असणारा. आणि बडोद्याचा वैशाख आपण जाणताच! पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. पंधरा अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये सुमारे दहा मिलिग्रॅम, तर तीस अंशांना साडेसातच. शिवाय गोल्डफिश खातो पुष्कळ आणि घाणही पुष्कळ करतो. त्या घाणीतून अमोनिया निघतो. टाकीतले काही जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग त्यामानाने निरुपद्रवी असे नायट्रेट करतात. पण या जिवाणूंची वसाहत नीट बसावयास चार ते सहा आठवडे लागतात. मी मात्र टाकी भरली त्याच दिवशी सतरा मासे सोडले होते. टाकी काठोकाठ भरली तरी पाणी सत्तर लिटर. वाळू वजा जाता साठच.

त्यातून आमच्या शाळेचे पाणी बोअरचे, म्हणजे जड. साबणाला फेस नाही आणि चहाच्या भांड्याला पांढरा थर. अशा पाण्याचा सामू सहसा सातच्या वर असतो, आणि सामू व उष्णता वाढली की अमोनियाही अधिक विषारी होतो. निऑन-एंजलांना असे पाणी मानवत नाही. औषधे घालून ते मऊ करीत बसण्यापेक्षा त्या पाण्याला साजेसा मासा आणणे बरे. नळाचे पाणी असेल तर क्लोरीन जाण्यासाठी ते एक दिवस उघडे ठेवावे.

मग जड पाण्याच्या घरी ठेवावे तरी काय? गप्पी, प्लॅटी आणि मॉली यांना ते चांगले मानवते. गप्पी आपल्या परिचयाचा; डासांच्या अळ्या खातो म्हणून हौदांत सोडतात तोच. मात्र नर-मादी एकत्र ठेवली तर महिन्याभरात पिल्ले होतात आणि थांबत नाहीत. फक्त नर ठेवणे शहाणपणाचे.

माझा स्वतःचा कल देशी माशांकडे आहे. स्कॉटिश वैद्य फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगा आणि तिच्या उपनद्यांतील माशांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. झेब्रा डॅनिओ, रोझी बार्ब आणि ड्वार्फ गुरामी या तिन्हींना शास्त्रीय नावे मिळाली ती त्याच ग्रंथात. झेब्रा दीड इंचाचा, चपळ, पाण्याच्या वरच्या थरात धावणारा. सहाहून कमी ठेवू नये आणि लांब परांच्या माशांजवळ ठेवू नये. गुरामी संथ असतो. तो पृष्ठभागावर येऊन हवाही घेऊ शकतो, त्यामुळे उन्हाळ्यात पंप बंद पडला तरी काही काळ तग धरतो. नर मात्र एकच असावा. रोझी बार्ब तीन इंचांचा होतो, त्याला तीन फुटी टाकी बरी. ‘मिस केरळ’ नावाने विकला जाणारा सह्याद्रीचा डेनिसन बार्ब दिसावयास अप्रतिम. पण तो वाहत्या ओढ्यांचा मासा आहे आणि त्याची जात धोक्यात आली आहे. तो तिथेच राहू द्यावा.

नको झालेला मासा सूरसागरात किंवा विश्वामित्रीत सोडून देणे, हा काहींना दयेचा प्रकार वाटतो. परंतु टाक्यांतून असे सुटलेले सकर आज देशातल्या कित्येक तळ्यांत माजले आहेत आणि मच्छीमारांची जाळी फाडीत आहेत. विश्वामित्रीच्या मगरींना सांभाळून घेणारे बडोदेकर आणखी एका पाहुण्याचे काय करतील, असे कोणी म्हणेल; पण मगर इथलीच, सकर दक्षिण अमेरिकेतला. आमचा सकर आम्ही दुकानदारालाच परत केला. एंजल एका मोठ्या टाकीच्या मालकाकडे गेले.

दीड महिना आमची टाकी रिकामीच चालली. मुलांचा धीर सुटत होता, तरी मी हटलो नाही. नंतर आधी सहा झेब्रा आणले, पंधरा दिवस वेगळ्या भांड्यात ठेवून रोग नाही अशी खात्री केली आणि मग टाकीत सोडले. त्यानंतर महिन्याने गुरामीची एक जोडी आली. झेब्रा आणावयास गेलो तेव्हा तो देखभाल करणारा मुलगा माझ्याबरोबर होता. दुकानदाराने जाळी बुडविण्यापूर्वीच त्याने विचारले, “काका, हे मोठे झाल्यावर केवढे होतात?”