काडतुसांची टंचाई : पहिल्या रायफलसाठी सरावाचे काडतूस कसे निवडावे?

नवी दिल्ली : पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक पटकावले आणि या खेळाचे नाव घरोघरी पोहोचले. मात्र एअर रायफलवरून .२२ रायफलकडे वळणाऱ्या नवोदितापुढे परवाना आणि रायफल मिळाल्यानंतरही एक प्रश्न उरतोच. तो म्हणजे काडतुसांचा. बाजारात माल कमी असताना काय घ्यावे, किती घ्यावे आणि ते कशासाठी वापरावे?

टंचाई का निर्माण होते?

स्पर्धेच्या दर्जाची .२२ लाँग रायफल काडतुसे बनवणाऱ्या कंपन्या जगात मोजक्याच आहेत. ब्रिटनमधील एली, जर्मनीतील आरडब्ल्यूएस व एसके आणि मूळची फिनलंडची लापुआ ही त्यांतील प्रमुख नावे. भारतीय नेमबाजांची भिस्त मुख्यतः याच आयातीवर असते. त्यामुळे परदेशात मागणी वाढली की झळ येथे बसते. २०२० मध्ये महासाथीच्या काळात अमेरिकेत शस्त्रे व काडतुसांची विक्रमी खरेदी झाली. २०२२ पासून युक्रेन युद्धामुळे दारूगोळ्याच्या कच्च्या मालावर ताण आला. शिवाय .२२ काडतुसाचे प्रज्वलक मिश्रण त्याच्या तळाच्या कडेत भरलेले असते. बार उडताना ती कड चेपली जाते, त्यामुळे रिकामे काडतूस पुन्हा भरून वापरण्याचा मार्गही बंद असतो.

सर्वांत महाग म्हणजे सर्वोत्तम नव्हे

५० मीटरवरील लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. गोळीचा व्यास ५.६ मिलिमीटर असून तिची कड वर्तुळाला स्पर्शली तरी पूर्णांकी गुणमोजणीत दहा गुण मिळतात. म्हणजेच सर्व छिद्रांचे मध्यबिंदू १६ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात राहिले, तर काडतुसाकडून आणखी फारशी अपेक्षा उरत नाही. नवशिक्याची रायफल उभ्या स्थितीत याहून कितीतरी अधिक हलते. तेथे महागडे काडतूस वापरल्याने गुण वाढत नाहीत, केवळ खर्च वाढतो. म्हणून उभ्या स्थितीच्या सरावासाठी मध्यम किमतीचे काडतूस पुरेसे ठरते. उत्तम दर्जाचा साठा पालथे झोपून करावयाच्या नेमबाजीसाठी, चाचणीसाठी व स्पर्धेसाठी राखून ठेवावा.

मात्र स्वस्त म्हणून ‘हाय व्हेलॉसिटी’ प्रकाराकडे वळू नये. स्पर्धेच्या काडतुसाची गोळी साधारण ३२० ते ३३० मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या खाली असते. अतिवेगवान गोळी ध्वनीचा वेग ओलांडून निघते, वाटेत मंदावते आणि ५० मीटरवर वाऱ्याने अधिक विचलित होते. बाण वेगवान म्हणून अचूक, हा समज येथे लागू पडत नाही. दुकानात ‘स्टँडर्ड’ किंवा ‘टार्गेट’ असे लिहिलेला खोका मागावा.

लॉट क्रमांक महत्त्वाचा

एकाच नावाच्या काडतुसांचे दोन वेगवेगळे लॉट एकाच नळीतून भिन्न परिणाम देऊ शकतात. त्यामुळे आधी दोन-तीन प्रकारांचा ५० नगांचा एकेक खोका घ्यावा. रायफल आधारावर टेकवून प्रत्येकी १० गोळ्यांचे चार गट मारावेत आणि छिद्रांचा विस्तार मोजावा. पाच गोळ्यांचा एखादा देखणा गट फसवा ठरू शकतो. जो लॉट सातत्य दाखवेल, त्याच क्रमांकाचा शक्य तेवढा साठा परवान्यातील मर्यादेत घ्यावा.

टंचाईत मिळेल ते मिसळून वापरण्याचा मोह होतो, पण तो महागात पडतो. गोळीवरील मेणासारखा लेप नळीत उरतो. काडतूस बदलले की नळी स्थिरावेपर्यंत १० ते २० गोळ्या खर्ची पडू शकतात.

कमी गोळ्यांत अधिक सराव

आठवड्यातून तीन दिवस, दररोज १०० गोळ्या असा सराव धरला, तर ५० आठवड्यांत १५ हजार काडतुसे लागतात. यातील एक दिवस ‘ड्राय’ सरावाला, म्हणजे काडतुसाविना नेम धरून चाप ओढण्याला दिला, तरी वर्षाला पाच हजारांची बचत होते. नळी रिकामी असल्याची खात्री करूनच हा सराव करावा. .२२ रायफलमध्ये फायरिंग पिन कक्षाच्या कडेवर आदळण्याची शक्यता असल्याने निर्मात्याची सूचना आधी वाचावी. एअर रायफलही विकून टाकू नये. ४.५ मिलिमीटरचे छर्रे तुलनेने स्वस्त असून पवित्रा, श्वास आणि चाप यांचे शिक्षण दोन्हीकडे सारखेच असते.

तडजोड कोठे करू नये?

बार न उडाल्यास नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान ३० सेकंद थांबावे. आवाज दबका आला, तर गोळी नळीत अडकली नाही ना, हे रायफल रिकामी करून तपासल्याखेरीज पुढची गोळी झाडू नये. गंजलेली, चेपलेली वा खोक्याविना मिळालेली काडतुसे टाळावीत.

परवान्याशिवाय काडतुसांची देवाणघेवाण शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये गुन्हा आहे. सहकाऱ्याकडून ‘उसने’ घेतलेला एक खोकाही परवाना आणि कारकीर्द धोक्यात आणू शकतो. खरेदी परवानाधारक विक्रेता, क्लब वा संघटनेमार्फतच करावी आणि प्रत्येक नगाची नोंद ठेवावी. टंचाई संपण्याची वाट पाहण्यापेक्षा हाती असलेल्या प्रत्येक काडतुसाचे काम आधी ठरवणे, हेच नवोदिताच्या अधिक उपयोगाचे आहे.