पानफुटीचे रोप
(इयत्ता चौथी)

आपल्या शाळेच्या मागे हापशाजवळ पानफुटी आहे, ती सर्वांनी पाहिली असेल. तिची पाने जाड असतात व कडा कातरल्यासारख्या असतात. पानालाच नवे रोप फुटते म्हणून तिला पानफुटी म्हणतात. ती मूळची मादागास्कर बेटावरची आहे. हे बेट आफ्रिकेच्या शेजारी आहे, बाईंनी नकाशात दाखवले.

मी पहिल्यांदा एक पान वहीत ठेवले होते. मला वाटले वाळून जाईल. पण थोड्या दिवसांनी बघतो तर काय! कडेच्या खाचांतून पांढरी मुळे व इवली इवली पाने आली होती. माती नाही, पाणी नाही. जाड पानात जे पाणी साठलेले असते त्यावरच ती वाढतात. (माझे शुद्धलेखनाचे पान मात्र ओले होऊन फाटले.)

मग मी ते पान डब्यात लावले. रोप चांगले वाढले. उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर येतो. आई डोक्यावर हंडे आणते. मी त्यातले तांब्याभर पाणी रोज गुपचूप रोपाला घालायचो. ऊन लई होते, त्याला तहान लागत असेल असे वाटायचे. पंधरा दिवसांत पाने पिवळी पडली व बुडाशी वास यायला लागला. हात लावला तर खोड लिबलिबीत. मी रडलो, तेव्हा आईला सगळे कळले. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "आधी मला विचारायचंस ना रे." ते मला जास्त लागले.

बाईंना विचारले तेव्हा त्यांनी कारण सांगितले. पानांना बारीक छिद्रे असतात. पुष्कळ झाडांची छिद्रे दिवसा उघडी असतात, त्यातून पाणी उडून जाते. पानफुटी ऊन असताना छिद्रे मिटून घेते व रात्री गारव्यात उघडते. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड ती पानात आंबट रस करून ठेवते व दिवसा उजेडात वापरते. म्हणून तिचे पान सकाळी आंबट लागते आणि दुपारपर्यंत आंबटपणा जातो. हाइन नावाच्या साहेबाने हे भारतातच चाखून पाहिले. ते १८१५ साली छापून आले. आपण मात्र चाखायचे नाही. शेळ्या-वासरांनाही खाऊ देऊ नये, जास्त खाल्ले तर त्यांना विष बाधते.

दुसऱ्या वेळी मी असे केले. पत्र्याच्या डब्याला खिळ्याने खाली पाच भोके पाडली. अर्धी माती, अर्धी वाळू व मूठभर जुने शेणखत घातले. पान मातीवर नुसते आडवे ठेवले, पुरले नाही. मुळे धरेपर्यंत थोडे थोडे पाणी शिंपडले. नंतर बोट मातीत खुपसून बघायचे, कोरडे लागले तरच पाणी घालायचे. उन्हाळ्यात आठ दिवसांतून एकदा पुरले. तहान लागली की पाने मऊ पडून सुरकुततात, पाणी दिले की परत ताठ होतात. पावसाळ्यात डबा पडवीत ठेवला.

आता माझ्याकडे चार डबे आहेत. कोणाला पान पाहिजे असेल तर मधल्या सुट्टीत माझ्याकडे यावे. एकाला एकच पान मिळेल.