ताप, ताकदीची सलाईन आणि सेप्सिस
उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, कुठेही जा. तापाने गळालेल्या माणसाला आधी ‘ताकदीची सलाईन’ लावायची घाई आम्ही पाहतो. काही बाटल्यांत अमिनो आम्ले असतात. पण ताप सेप्सिसचा असेल तर? यात जंतुसंसर्गाला शरीर बेफाम प्रतिसाद देते, अवयव निकामी होऊ लागतात. रक्तदाब ठीक दिसला तरी केसाहून बारीक वाहिन्यांत रक्त अडते. त्या रुंदावणारा नायट्रिक ऑक्साइड आर्जिनिन या अमिनो आम्लापासून बनतो, आणि सेप्सिसमध्ये तेच घटते. मग बाहेरून का देऊ नये? कारण रक्तदाब आणखी कोसळण्याची भीती. २०१६च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी ते देऊ नये असेच सुचवले. (इफ्तारच्या कलिंगडातल्या सिट्रुलिनचेही शरीरात आर्जिनिन होते. आवडीने खा, औषध समजू नका.) तापासोबत धाप, बरळणे, लघवी कमी होणे, हातपाय गार पडणे दिसले, तर अम्मी-अब्बांना त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात न्या, उल्हासनगरात सरकारी मध्यवर्ती रुग्णालय आहे. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला प्रतिजैविक पहिल्या तासाभरातच मिळायला हवे.